फेसाचा ग्लास आणि पितळेची डबी

"गोळीच्या आधी दोन तास आणि गोळीनंतर दोन तास, पोट रिकामं पाहिजे बरं का. गोळी नुसत्या पाण्यासोबत. घरी नीट समजावून सांगा," औषधाच्या दुकानातल्या पूर्णिमाताई काउंटरवरून वाकून म्हणाल्या होत्या.

"हो हो, उपाशीपोटी. माहितीय," स्वप्नाली म्हणाली. कडेवरची लेक क्रांती रडायला लागली होती, म्हणून ती घाईघाईने पायऱ्या उतरली.

मित्रांनो, गोळी माझ्यात मावते का ते बघायला तिने मला सोबत नेलं होतं, म्हणून मी तेव्हा तिच्या पर्समध्येच होते. ते 'माहितीय' मी ऐकलं. पुढे वर्षभर ते मला किती टोचलं, तेच आज सांगायचं आहे.

मी पितळेची एक जुनी डबी आहे. मला दोन झाकणं आहेत. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, असा माझा संसार होता. चाळीस वर्षांपूर्वी जोतिबाच्या डोंगरावरच्या एका दुकानातून आकारामअण्णांनी मला उचललं. अण्णा तेव्हा शिवाजी पेठेतल्या एका फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. सामना चालू असताना मी गोलपोस्टच्या मागे, त्यांच्या टॉवेलात गुंडाळलेली असायचे. पेनल्टी अडवली की अण्णा आधी माझं झाकण टिचकीने वाजवायचे आणि मगच लोकांकडे बघून हात हलवायचे. मला वाटायचं, अर्धा गोल मीच अडवला!

मग एका उन्हाळ्यात अण्णांचं पोट फुगलं. पोटात पाणी झालं होतं. तपासण्या झाल्या. हिपॅटायटीस बी नावाचा विषाणू अण्णांच्या यकृतात कितीतरी वर्षं गुपचूप बसला होता. त्याने यकृत आतून कडक करून टाकलं होतं. याला सिरॉसिस म्हणतात. पेठेत कुजबुज झाली, "अण्णा चोरून पीत असणार." ज्या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, त्याने हे निमूट ऐकून घेतलं.

स्वप्नाली म्हणजे अण्णांची सून. बी.एस्सी. झालेली, आणि काळजी करण्यात पहिल्या नंबरची. तिने घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. क्रांतीच्या लसींचं कार्ड तीन वेळा वाचलं. अण्णांची तंबाखू बंद केली आणि मला फळीवर टाकून दिलं. तिथे मी काळी पडले. कुणी विचारीना.

पण अण्णा हट्टी. "गोळी ठेवायची आसंल तर माझ्या डबीत ठेव. दुसरं काय खिशात घेणार न्हाय मी." तेव्हा तिने मला चिंच-मीठ लावून खसाखसा घासलं. मी पुन्हा सोन्यासारखी चमकले! रोज सकाळी पाकिटासकट एक गोळी कात्रीने कापून ती माझ्यात ठेवायची. चुना गेला, औषध आलं. मला तर बढती मिळाल्यासारखं वाटलं.

स्वप्नालीने फ्रिजवर एक तक्ता चिकटवला होता. त्यात औषधांची तुलना होती. अण्णांना तिने ती फुटबॉलच्या भाषेतच समजावली.

"हे बघा अण्णा, लॅमिव्हुडिन हा जुना गोलकीपर. सुरुवातीला भारी खेळतो, पण काही वर्षांत विषाणू त्याची चाल ओळखतो. मग गोल खातो."

"आमच्या बाळासोगत," अण्णा म्हणाले. बाळासो हे त्यांचे खेळातले जुने दोस्त, आता दूध कट्ट्यावर म्हशी पिळून गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दूध देणारे.

"टेनोफोव्हिर दणकट. विषाणूला सहसा दाद देत नाही. पण मूत्रपिंडावर आणि हाडांवर लक्ष ठेवावं लागतं. त्याचंच एक नवं रूप आहे, ते मूत्रपिंडाला जरा सौम्य. आणि तुमची गोळी एन्टेकॅव्हिर. तीही तेवढीच तगडी. फक्त पोट रिकामं लागतं."

"मग झालं की! पोटात कण नसताना घेतोय मी."

मित्रांनो, इथेच मला ओरडावंसं वाटायचं. पण पितळेला कुठून आवाज येणार?

वर्ष झालं. डॉक्टर मधुवंतींनी अहवाल पाहिला आणि चष्मा काढला. विषाणूंचा आकडा खाली यायचा, तो वर गेला होता.

"गोळ्या चुकतात का?"

"एक दिस न्हाय!" अण्णा म्हणाले. ते खरं होतं.

"उपाशीपोटीच ना?"

"व्हय की." हेही त्यांच्या लेखी खरं होतं.

"मग सोमवारी गोळी बदलायचा विचार करू. यकृताला आता आणखी मार परवडणार नाही."

घरी येताना स्वप्नालीचा चेहरा उतरला होता. मधुमेहामुळे अण्णांच्या मूत्रपिंडाचे आकडे आधीच काठावर होते. नवी गोळी झेपली नाही तर? आणि हीच चालत नसेल, तर ती का चालत नाही?

सोमवार उजाडला. अण्णा नेहमीसारखे बाळासोंच्या कट्ट्याकडे फिरायला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विसरले! स्वप्नालीने मला टेबलावर पाहिलं, क्रांतीला कडेवर घेतलं आणि धावत सुटली. मी तिच्या मुठीत. तालीम मागे पडली, चौक मागे पडला, कट्टा आला.

"आलं बघा अण्णा, तुमचं औषध आलं!" बाळासो ओरडले. "धरा, फेस बसायच्या आत घ्या."

अण्णांच्या हातात म्हशीच्या धारोष्ण दुधाचा भलामोठा ग्लास होता. वर चार बोटं फेस. त्यांनी मला घेतलं, गोळी तोंडात टाकली आणि ग्लास ओठाला लावला.

"अण्णा! थांबा!"

ती एवढ्या जोरात ओरडली की म्हैससुद्धा वळून बघू लागली.

"रोज? रोज दुधासोबत घेता तुम्ही?"

"मग कशासंगं घेऊ? उपाशीपोटीच घेतोय की."

"दूध पोटात जातं ना, अण्णा!"

"दूध म्हंजे खाणं हाय व्हय गं? उपासाला चालतंय की!"

बाळासो म्हणाले, "सूनबाई, वर्ष झालं, मी सोता देतोय. घरची साय वरनं घालून. आजारी माणूस हाय म्हणून."

स्वप्नालीने माझं झाकण उलटं केलं. कडेला पांढरं कीटण होतं. जुना चुना समजून ती ते रोज खरवडायची. आज तिने वास घेतला. आंबूस. दुधाचा! दुधाच्या बोटांनीच अण्णा रोज झाकण लावत होते. ती हसत होती आणि रडतही होती. "चूक माझीच. पूर्णिमाताईंनी सांगितलं होतं आणि मी 'माहितीय' म्हणाले."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "सायीच्या दुधाने ही गोळी अंगात कमी शोषली जाते. फक्त दुधामुळेच असं झालं, असं मी आज छातीठोक सांगणार नाही. पण आधी हे सुधारू आणि बारकाईने लक्ष ठेवू. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर मनाने एकही गोळी बंद करायची नाही."

"म्हंजे दुसरा गोलकीपर बाकावर तयार," अण्णा म्हणाले.

"अगदी तयार."

तेव्हापासून पहाटे पाचला पाण्यासोबत गोळी, आणि सातच्या पुढे दूध. बाळासो ग्लास हातात धरून दम देतात, "घड्याळ दावा आधी!"

परवा अहवाल आला. विषाणू: आढळला नाही. अण्णांनी माझं झाकण टिचकीने वाजवलं, टण्ण! चाळीस वर्षांत असा आवाज माझ्यातून कधी निघाला नव्हता. कडक झालेलं यकृत लगेच कोवळं होत नाही, तपासण्या चालूच राहणार. पण हा गोल अडवला!

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी रोज गोळी घेत असेल. "घेतली का?" एवढं विचारून खेळायला पळू नका. स्वप्नाली आता गल्लीतल्या प्रत्येक पोराला जे विचारते, तेच मी तुम्हाला विचारते: तुमचे आजोबा गोळी कशासोबत घेतात, हे तुम्ही कधी शेजारी बसून पाहिलंय? नसेल, तर उद्या सकाळी उठा आणि बघा.