मेलर डेमनची सही

बाजारातल्या त्या इमारतीचा जिना माणसांनी भरून गेला होता. कुणाच्या काखेत राउटर, कुणाच्या हातात लॅपटॉप. वर विमा एजंटाच्या ऑफिसात, तार बांधून बाधा उतरवणारे तारबाबा बसले होते. इमारतीतून बाहेर धाडलेली ईमेल गेले काही दिवस परत येत होती, आणि परत धाडणाऱ्याचं नावही छापून येत होतं : मेलर डेमन.

"डेमन म्हणजे राक्षस," तारबाबा सांगत होते. "तो स्वतः सही करतोय, आणखी पुरावा कशाला हवा?"

मग ते राउटरला तांब्याची तार गुंडाळत, काहीबाही पुटपुटत आणि म्हणत, "पाठवा आता माझ्या पत्त्यावर." पाठवली की त्यांचा फोन टिंग करी. माना डोलत.

तळमजल्यावर डॉक्टरीणबाईंची रक्त आणि गाठी तपासायची लॅब होती. तिथलं ऑफिस तिचे सासरे सांभाळत. ते वर न्यायला राउटर काढू लागले तेव्हा तिनं विचारलं, "मामंजी, शिंपीणबाईंच्या गाठीचा रिपोर्ट सर्जनना पोचला ना?"

"परत आला. तार बांधून पुन्हा पाठवतो."

"म्हणजे तिचं ऑपरेशन अडलंय, आणि आपण तारेची वाट बघतोय?"

म्हाताऱ्यांनी राउटर परत जागेवर ठेवला. तिनं आधी सर्जनना फोन लावून रिपोर्ट वाचून दाखवला आणि छापील प्रत शिंपीणबाईंच्या नवऱ्याच्या हाती दिली. मगच परत आलेली ईमेल उघडली. सगळे पहिल्या ओळीलाच घाबरून थांबले होते. खाली सरळ लिहिलं होतं : पाठवणाऱ्या सर्व्हरची ओळख पटली नाही. तिनं इंटरनेट कंपनीला फोन केला आणि इंजिनिअर बोलेपर्यंत सोडला नाही.

मग ती लॅपटॉप घेऊन वर गेली.

"खाली माझ्या राउटरला तार नाही," ती म्हणाली आणि बाबांच्या पत्त्यावर मेल टाकली. टिंग.

"आमची पुण्याई," बाबा म्हणाले.

"असेल. विमावाले काका, तुमची तार तर बांधून झालीय. माझ्या बहिणीला एक मेल टाका."

टाकली. डेमन पुन्हा हजर.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"माझी?" एजंटाचा चेहरा पडला. सकाळपासून बाबांचे पाय त्यानंच चेपले होते.

"बाबांचा पत्ता आपल्याच इंटरनेट कंपनीचा आहे, बहिणीचा दुसऱ्या," डॉक्टरीणबाई म्हणाली. "स्वयंपाकघरातून ओसरीवर जाताना ओळख कोण विचारतं? परक्या दारावर मात्र पहारेकरी असतो. कंपनीनं टपाल नेणारा सर्व्हर बदलला आणि 'हा आमचाच' असं जाहीर करायला विसरली. त्यामुळे त्याला तोतया समजून हाकलतात. आणि डेमन म्हणजे पडद्याआड राबणारा प्रोग्राम. बिचारा निरोप्या आहे तो."

"बाई, देवाधर्माची थट्टा नको," बाबा उठत म्हणाले.

"देवाची नाही, तुमची करतेय. बसा. दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर एक मेल मागवून दाखवा, मी स्वतः तार बांधून घेते."

बाबांना एकदम दुसरीकडे जायचं आठवलं.

संध्याकाळपर्यंत कंपनीनं चूक सुधारली. मेल जाऊ लागल्या, तारवाल्यांच्याही आणि बिनतारवाल्यांच्याही. शिंपीणबाईंची गाठ वेळेत निघाली. तरी एजंट कुरकुरला, "चारचौघांत एवढा अपमान करायला नको होता."

"शिंपीणबाईंचा ऑपरेशनचा दिवस हुकला असता तर तो कुणाच्या तारेनं परत आणला असता, काका?" ती म्हणाली. "भ्यायचं तर खुशाल भ्या. पण आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि कुणी चमत्कार दाखवला तर तो त्याच्या नाही, तुमच्या अटींवर करून दाखवायला सांगा."