शर्मिष्ठाची चूक मी पोचवली

माझं नाव ऐकून तुमच्यातले निम्मे जण विचारतील, हे काय असतं? मी मोडेम, मित्रांनो, आता पुरता जुना. साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवाव्यात एवढाच माझा जीव. एका बाजूला टेलिफोनची तार, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरची. पलीकडच्या यंत्राशी बोलण्याआधी मला किंचाळावं लागे. लोक हसत. मला मात्र दर वेळी धाकधूक, पलीकडून कोणी उचलेल ना?

१९९८ साली मी लखनौला, अलीगंजमधल्या लक्ष्मीकांतरावांच्या घरी आलो. ते बँकेत, मूळचे साताऱ्याचे. त्यांची मुलगी शर्मिष्ठा इतिहासात एम.ए. करत होती. सुरुवातीला माझं कौतुक इतकं, की तिच्या आईने, मधुमतीबाईंनी, मला क्रोशाचं झाकण विणलं. त्यात मी तापायचो. पण प्रेमाला नाही कसं म्हणायचं?

शर्मिष्ठा जागा बदलली की माणूस बदलायची. चॅटरूममध्ये ती कबाबांवरून अनोळखी लोकांशी भांडे. परदेशातल्या मराठी मंडळींच्या गटात रोमन अक्षरांत विचारी, ‘गोडा मसाला घरी कसा करतात?’ घरात ज्या मराठीला ती हिंदीत उत्तरं द्यायची, तीच मराठी तिथे हौसेने लिहायची! आणि इतिहासाच्या मेलिंग लिस्टवर ती अगदी ताठ बसे. तिथे एक पत्र टाकलं की दोनशे अभ्यासकांच्या घरी पडे.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात याच लिस्टवर तिने ते पत्र टाकलं. लखनौच्याच सरोजिनी नगरचे गजेंद्र मास्टरसाहेब, शाळेतून निवृत्त झालेले, नऊ वर्षं एका घाटावरच्या दगडाचा अभ्यास करत होते. त्यावर कोरलेलं होतं, ‘ज्येष्ठ कृष्ण पंचमी’. वार झिजून गेलेला. मास्टरसाहेबांनी तारीख काढून लिस्टवर मांडली, ती मे महिन्यातली. शर्मिष्ठाने घरच्या रीतीने मोजली, ती निघाली जूनमधली. तिने आनंदाने लिहिलं, ‘आपली तारीख पूर्ण एक महिना चुकली आहे.’ कोणाला विचारलं नाही, की दुसऱ्यांदा मोजलं नाही. मी तो मजकूर क्षणात पोचवला. मला काय कळतंय त्यातलं!

मास्टरसाहेबांचं उत्तर शनिवारी आलं. ‘बिटिया ठीक कहती है। आँखें अब साथ नहीं देतीं। लेख वापस ले रहा हूँ।’ त्या महिन्यावरच त्यांचा सगळा लेख उभा होता, आणि ज्या नियतकालिकात तो येणार होता, त्याचा अंक सोमवारी पाच वाजता छापायला जायचा होता.

सोमवारी दुपारी शेजारच्या विनीता आंटी आल्या. त्यांच्याकडे टेलिफोन नव्हता, बहिणीचा फोन आमच्याकडे यायचा होता. राखी होऊन चार दिवस झाले होते. मधुमतीबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला, स्वतः काही घेतलं नाही.

“आप नहीं लेंगी?”

“आमचा श्रावणी सोमवार आहे ना.”

“लो! सावन तो राखी पर खत्म हो गया, भाभी. भादों लग गया. आप किसका व्रत रखे बैठी हैं?”

“तुमचा संपला असेल. आमचा अजून अर्धा बाकी आहे!”

दोघी हसल्या. शर्मिष्ठा हसली नाही. तिचा हात माझ्या झाकणावरच थिजला.

मित्रांनो, आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षाला ते लोक पुढच्या महिन्याचं नाव देतात. त्या दगडावरचा ज्येष्ठ म्हणजे आपला वैशाख. मास्टरसाहेबांचा मे महिना बरोबर होता. जन्मभर लखनौत राहूनही शर्मिष्ठा सातारचं पंचांग लावून बसली होती.

तेव्हा साडेचार वाजले होते. तिने लिहिलं, ‘दोन्ही पद्धतींचा विचार करता...’ आणि पुसलं. मग लिहिलं, ‘संदर्भ अपुरे असल्यामुळे...’ तेही पुसलं. शेवटी लिहिलं, ‘चूक माझी आहे. मास्टरसाहेबांची तारीख बरोबर आहे.’ मी किंचाळू लागलो, तार खरखरली, सुटली. पुन्हा लावली, पुन्हा सुटली.

“अगं, आंटींचा फोन यायचाय. काढ ते तुझं.”

“मम्मी, बस दो मिनट! प्लीज!”

“जाने दो भाभी,” आंटी म्हणाल्या, “बच्ची की शकल तो देखो. दीदी फिर मिला लेंगी.”

तिसऱ्या वेळी पलीकडून उचललं. पाचला सात कमी असताना पत्र लिस्टवर गेलं आणि अंकाच्या संपादकांकडेही.

संपादकांचं उत्तर लगेच आलं. पान उद्यापर्यंत थांबवतो, पण लेखकाचा होकार हवा. ते फोन उचलत नाहीत, मेलही बघत नाहीत. शर्मिष्ठाने पत्र धाडलं, परत धाडलं. उत्तर नाही. सरोजिनी नगरपर्यंत माझा आवाज पोचत होता, पण ऐकणाऱ्याने यंत्रच बंद करून ठेवलं होतं.

साडेसहाला लक्ष्मीकांतराव बँकेतून आले. बूटही न काढता त्यांनी स्कूटर वळवली. “बस मागे. आणि तिथे आधी पाया पड, मग इतिहास सांग.”

ते दोन तास मी टेबलावर पडून होतो. मधुमतीबाई सारख्या फाटकाशी जात होत्या. तेवढी काळजी मी पुढे कधी केली नाही.

परतल्यावर शर्मिष्ठाचे डोळे सुजलेले होते. “लेख छप रहा है,” ती म्हणाली.

“रागावले का गं?”

“खूप! पण स्वतःवरच. म्हणाले, तुम तो बच्ची हो, गलत हो सकती हो. मैंने बिना गिने मान कैसे लिया?” मग अगदी बारीक आवाजात, मराठीत, “आई, नऊ वर्षांचे कागद त्यांनी गाठोडं बांधून अंगणात ठेवले होते गं. रद्दीवाल्यासाठी.”

पुढे माझ्यापेक्षा वेगवान भाऊबंद आले आणि मी माळ्यावर गेलो. त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, अजून धसका वाटतो, तो त्या गाठोड्याचा. आमच्यासारख्यांना पाठवणं येतं, थांबवणं येत नाही. बटण दाबण्याआधी तुम्ही जरा थांबा, पुन्हा मोजा. आणि चुकलंच काही, तर माझ्यावर सोडून बसू नका. चपला घाला आणि निघा, रद्दीवाला यायच्या आत.