एमेटची दोन मिनिटं

विधिमंडळाच्या समितीत घड्याळ माझ्याकडे असतं. साक्षीला आलेल्या प्रत्येकाला दोन मिनिटं. मग मी घंटा वाजवते, समोर गव्हर्नर असला तरी.

व्हर्लीन ट्वेट अठरा वर्षं, दर दोन वर्षांनी विधिमंडळ भरलं की यायची. तिचं गाऱ्हाणं एकच: वॉशिंग्टन आमच्या मॉन्टानाच्या कुरणातही नाक खुपसतं. पन्नासपैकी चौतीस राज्यांनी मागणी केली की घटनादुरुस्ती सुचवायला राज्यांचं अधिवेशन भरतं; मॉन्टानानंही तशी मागणी करावी आणि केंद्राला आवर घालावा. नऊ वेळा ठराव इथंच पडला. तिच्याविरुद्ध बोलायला तिच्याच गावचा एमेट कुयावा यायचा. तिच्याच गाडीतून, साडेतीनशे मैल भांडत.

यंदा ती एकटी आली. एमेटचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्याच सकाळी शस्त्रक्रिया होती.

समितीत चार इकडे, चार तिकडे. नववी, डेल्फीन ओक्स, कुंपणावर. व्हर्लीन छान बोलली. मग अध्यक्षांनी विचारलं, “विरोधात कोणी?” कोणीच उठेना. मी मनात म्हटलं, बाई, आता गप्प बस.

ती उठली. “एमेटचं मी वाचते.”

लोक हसले. तिनं कागद उलगडले. “एकदा राज्यांनी पाठवलेली ही मंडळी अधिवेशनात शिरली की त्यांना आवरणार कोण? आज केंद्राला कात्री लावतील, उद्या तुमच्या हक्कांना. व्हर्लीनला तर दुसऱ्याचं ऐकूनच घेता येत नाही.” हेही वाचलं. एमेट टेबलावर मूठ आपटायचा तिथं आपटलीसुद्धा. वेळ संपला. “त्याचं एक पान राहिलंय,” ती म्हणाली. मी घंटा वाजवली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

ओक्सबाईंनी विचारलं, “तुमचं मत बदललं का?”

“छे. पण त्याचं न ऐकवता जिंकले, तर त्याचंच खरं ठरेल.”

ओक्सबाईंनी त्या कागदांकडे पाहिलं. “मला भीती अधिवेशनाची नव्हती, तिथं जाणाऱ्या माणसांची होती,” म्हणाल्या आणि ठरावाच्या बाजूनं हात वर केला. पाच विरुद्ध चार. माझे डोळे भरून आले, आणि माझा तर या ठरावाला विरोध आहे.

संध्याकाळी व्हर्लीननं बाहेरच्या बाकावरून दवाखान्यात फोन लावला. एमेटचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“वाचलंस?”

“वाचलं. हरलास तू.”

“दुसरं पान?”

“तेही.”

“ठराव आता पूर्ण सभागृहापुढे कधी?”

“मार्चात.”

“तोवर चालायला लागेन. गाडीत माझी जागा ठेव. तुला पाडायचंय.”

“ठेवते,” ती म्हणाली.