कुरवंड्याला धाडलेल्या दोन ओळी

मित्रांनो, कुरवंड्याहून आलेल्या एका पत्रावर मी कित्येक वर्षे बसून होतो. ते उडू नये म्हणून डॉक्टरांनी मला त्यावर ठेवले होते. उत्तर मात्र त्यांनी लिहिले नव्हते.

मी नादकाटा. पोलादाचा, दोन पायांचा; ठोकला की गुणगुणतो. विलायतेत घडलो आणि डॉक्टर आगाशे यांच्या कोटाच्या खिशातून लोणावळ्याला आलो. मज्जातंतूंचे आजार हा त्यांचा अभ्यास. मला ठोकून ते रोग्याच्या घोट्यावर टेकवत आणि विचारत, "थरथर लागते का?" रोगी मला चिमटा म्हणत. मला त्याचे वाईट वाटत नसे.

१९२६ सालच्या उन्हाळ्यात कुरवंड्याच्या सोपानने आपली बहीण झुंबरबाई हिला पाठीवर घेऊन आणले. चुलीतला निखारा तिच्या पावलावर पडला होता आणि तिला कळलेही नव्हते. गावाने ठरवून टाकले, हा महारोग. सासरच्यांनी तिला रानातल्या खोपीत ठेवले आणि तिची तान्ही मुलगी काढून घेतली.

मला तिच्या घोट्यावर टेकवले.

"चिमटा ग्वाड गातोय, डागदरसाहेब," ती हसून म्हणाली. "पर माजा पायच बहिरा."

आदल्या वर्षी तिचा एक डोळा अंधूक होऊन आपोआप सुधारला होता. डॉक्टरांनी तेही विचारून घेतले. मग म्हणाले, "महारोगात डोळा असा जाऊन परत येत नाही. हा महारोग नाही."

पंधरवड्याने सोपानचे पत्र आले. गाव तोंडी ऐकत नव्हते. 'महारोग न्हाई, येवढं सहीनं लिवून द्या. ती घरी यील, लेकराला घील.'

डॉक्टर लिहायला बसले आणि थांबले. महारोग नाही, मग काय? त्यांना ज्या आजाराचा संशय होता, तो या देशात होतच नाही, असे पुस्तके सांगत. रोगाचे नाव नक्की झाले की लिहू, असे म्हणून त्यांनी मला पत्रावर ठेवले.

नावाच्या शोधात वर्षे गेली. मळवलीहून, शिरगावाहून रोगी आले. जे मेले त्यांच्या मज्जारज्जूच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या. निबंध छापले, सभांत टाळ्या पडल्या. नवे नादकाटे आले, मी गंजलो. डॉक्टरांच्या प्रत्येक निबंधात 'बहुधा' हा शब्द मात्र तसाच राहिला.

१९४१ साली सोपान पुन्हा आला. एकटाच.

"झुंबरबाई कशी आहे?"

"गेली की. खोपीतच. लय वर्सं झाली." तो उभाच राहिला. "आता तिच्या लेकीला, रतनला बघाया पाव्हनं येत्यात, आईचं ऐकत्यात, आन् पानी न पिता जात्यात. सायेब, नाव घावलं नसंल तर ऱ्हाऊ द्या. जे न्हाई, तेवढं तरी न्हाई म्हना."

डॉक्टरांनी मला उचलले. पत्रावर माझ्या गंजाचा डाग उमटला होता. त्यांनी दोन ओळी लिहिल्या: 'झुंबरबाईला महारोग नव्हता. तिला कोणता आजार होता, हे मला आजही नक्की माहीत नाही.' खाली सही केली आणि कागद पुढे धरला.

सोपानने हात मागे घेतला. "माज्या हाती नगं. गाव म्हनंल, म्याच कुनाकडनं लिवून घेतलं. टपालानं पाटलाला धाडा. चावडीत समद्यांम्होरं वाचू द्या."

मित्रांनो, माझा गंज पुसा, असे मी सांगणार नाही. पण कोणी अडलेला माणूस विचारायला आला, तर तुम्हाला ठाऊक असेल तेवढे त्याला त्याच दिवशी सांगा. उरलेले सापडेपर्यंत त्याला थांबवू नका.

डॉक्टरांनी सवयीने मला खिशात टाकले. बाजारातल्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सोडले.

"पडलं?" सोपानने विचारले.

"पडलं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा हात पेटीवरच राहिला, आणि मला कोणी ठोकले नसताना मी खिशात थरथरत होतो.