मडगार्डावरचं काळं

पोटाला चिमटा बसला तरी मोहिद्दीनला चालायचं, पण त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं चालत नसे. लढाईत तो पलटणीच्या मोटारी चालवायला आणि पुसायला होता. तिथून विट्याला परत आला तो हे दुखणं घेऊनच. त्यामुळं आप्पासोंनी पोरीच्या लग्नासाठी सांगलीच्या एका डॉक्टरांची जुनी काळी मोटार विकत घेतली, तेव्हा हा भर चौकात बोलून बसला, "आप्पासो, आसली चमकवतो, की नवरीनं गाडीच्या दारात बगून कुकू लावावं."

बोलायला काय जातं! उन्हाधुळीनं त्या मोटारीचा रंग तव्याच्या बुडासारखा झाला होता. मोहिद्दीननं ती धुतली, पलटणीतून आणलेला पॉलिशचा मसाला लावून घासली, वर मेण दिलं. टप चमकला, दारं चमकली. मागच्या मडगार्डाशी येईतो मसाला संपला आणि लग्न तर दुसऱ्या दिवसावर. शहाणा माणूस तिथं थांबला असता. यानं चुलीतली राख वस्त्रगाळ केली आणि मडगार्ड घासायला घेतलं. उंचवट्यावर रंग पातळ असतो हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण कौतुकाच्या नादात हात थांबला नाही, आणि तळहाताएवढा पत्रा उघडा पडला.

काळा रंग साऱ्या विट्यात मिळेना. खरं सांगितलं असतं तर आप्पासो चार शिव्या देऊन गप्प बसले असते. पण चौकातली फुशारकी आडवी आली. मोहिद्दीननं कंदिलाची काजळी खरवडली, जवसाच्या तेलात कालवली, डागावर चढवली आणि वरून मेणाचा हात फिरवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आप्पासो आले, दारात स्वतःच्या मिशा बघून खूश झाले. "गड्या, हात हाय का जादू!" म्हणाले. मोहिद्दीन हसला, पण त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि वरात तासगावला, नवऱ्याच्या घरी निघाली. वऱ्हाडाच्या गाड्या पुढं गेल्या होत्या. मोटार चालवायला मोहिद्दीनच. मागं नवरानवरी, आणि नवरीला खेटून बनुबाई. ही आप्पासोंची विधवा बहीण. नवरीची, विजयमालेची, आई बाळंतपणातच गेली, तेव्हापासून पोर हिच्याच मांडीवर वाढलेली. विधवा बाई पाठराखीण म्हणून धाडू नये, असं भावकी म्हणत होती. पण विजयमाला हटून बसली, "आत्ती येनार नसंल तर मीबी जात न्हाई." आता तासगाव आलं तशी बनुबाईनं कनवटीच्या डबीतलं काजळ बोटावर घेतलं आणि पोरीच्या गालाला तीट लावली.

विजयमाला उतरली ती मागच्या मडगार्डाला घासूनच. मोहिद्दीननं ते बघितलं. नवऱ्याची आई, लीलाबाई, भाकरतुकडा ओवाळायला पुढं आली आणि तिचा हात थबकला. हळदीच्या पिवळ्या लुगड्यावर, ऐन कमरेशी, काळं फरफटलं होतं.

"ह्ये काळं कुनी लावलं?"

सगळ्यांच्या नजरा बनुबाईच्या बोटाकडं गेल्या. बोट काळं होतं.

"म्या निस्ती तीट लावली वो," बनुबाई म्हणाली, "लुगड्याला हात न्हाई लावला..." पण बोलता बोलता तिचा तिलाच भरवसा वाटेनासा झाला.

"रांडमुंड बाईचा हात, आन् त्योबी काळा!" लीलाबाई कडाडली. "पोरगी माप वलांडायच्या आदी हिला हितनं न्या."

मोहिद्दीन दोन हातांवर उभा होता. त्याचा एक शब्द पुरे होता. पण सगळं वऱ्हाड समोर, आणि ही गोष्ट विट्याच्या चौकात कशी सांगितली जाईल तेही त्याला दिसायला लागलं. विजयमाला "आत्ती, आत्ती" करत रडायला लागली. बनुबाई मोटारीकडं आली, आणि मोहिद्दीननं तिच्यासाठी अदबीनं दार उघडलं. मेल्याला तेवढं मात्र जमलं.

विट्याला परतताना येरळा नदीच्या पात्रात त्यानं इंजिनात पाणी घालायला गाडी थांबवली. बनुबाई खाली उतरली, वाळूतल्या झऱ्याशी बसली आणि वाळूनं बोट घासायला लागली. काजळ केव्हाच गेलं होतं, तरी ती घासतच होती.

"आक्का, बास करा. रगत निगंल."

"माजंच लागलं आसंल रं. लोक म्हंत्यात त्ये काय खोटं न्हाई. आता पोरीच्या दारात पाऊल टाकायची न्हाई मी."

मोहिद्दीनला ते ऐकवेना. त्यानं पाण्याचा डबा खाली ठेवला, डोक्याचा पांढरा रुमाल सोडला, मडगार्डावर जोरानं ओढला आणि तिच्यापुढं धरला. रुमाल काळाकुट्ट झाला होता, आणि मडगार्डावर पत्रा उघडा पडला होता.

"तुमचं बोट न्हवं, आक्का. माजं काम हाय ह्ये. घासता घासता रंग गेला, म्या काजळी फासून झाकला. तितंच समजलं हुतं मला. भ्यालो, बोललो न्हाई."

मोहिद्दीन शिव्यांची वाट बघत होता. बनुबाई एवढंच म्हणाली, "गाडी वळव."

तासगावात दारासमोर गाडी उभी करून मोहिद्दीननं साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. लीलाबाई पुढं आली, मडगार्डावर उरलेल्या काजळीवरून आपलं बोट फिरवलं आणि ते काळं झालेलं बघितलं. तिचा चेहरा उतरला. तिनं बनुबाईचा हात धरला. "चुकलं माजं, बाई. आत या."

मोहिद्दीनला वाटलं, सुटलो. मग बनुबाई उंबऱ्याशी थांबलेली त्यानं बघितली. उंबऱ्यावर सांडलेले तांदूळ केव्हाच सुपात भरून झाले होते. रिकामं माप भिंतीला टेकवून ठेवलं होतं. आतून विजयमाला धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली.

"माप वलांडताना पाठीशी कोन हुतं गं?" बनुबाईनं विचारलं.

"कोनी न्हाई, आत्ती. म्या मागं वळून बगितलं, तर गाडी चालली हुती."

लीलाबाईनं मोहिद्दीनलाही जेवायला हाक मारली. तो उंबऱ्यापर्यंत आला, ते रिकामं माप बघितलं, आणि गाडीकडं वळला.