एकोणीस सेकंदांचा रस्ता

स्केलगिल गावात पाहुण्यांवर क्लेम हार्करइतका खार खाऊन असलेला दुसरा माणूस नव्हता, आणि हे तो स्वतःच अभिमानाने सांगत असे. एकतीस वर्षं त्याने त्या दरीतली बस चालवली होती. निवृत्त झाला आणि पंचायतीवर निवडून आला. निवडून आला असं आपलं म्हणायचं. सात जागांसाठी अर्जच सहा आले होते.

गावाच्या वरच्या अंगाला एक धबधबा आहे. तो पूर्वीपासून तिथेच होता आणि कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. मग कुणीतरी त्याचा फोटो फोनवरून जगभर पाठवला, आणि तेव्हापासून जरा ऊन पडलं की लीड्सपासून गाड्यांची रीघ लागायची. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, गवतावर गाड्या, शेताच्या फाटकासमोर गाड्या. ओल्या चड्ड्यांवर हिंडणारी माणसं गावकऱ्यांच्या कुंपणांवर टॉवेल वाळत घालायची. क्लेमने याविरुद्ध काउंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीला, चौदा पत्रं लिहिली होती. जुलैच्या बैठकीसाठी त्याने ठरावही दिला होता: गावातल्या रस्त्याच्या कडेला मोठे धोंडे टाकायचे आणि दुहेरी पिवळ्या रेषा मागायच्या, म्हणजे एकही गाडी उभी राहणार नाही. मेंढ्यावाला आयव्हसन ठरावाचा अनुमोदक होता. उत्साहाच्या भरात त्याने शेतातले अकरा धोंडे ट्रॅक्टरने आणून सभागृहाच्या मागे टाकूनही ठेवले होते.

पण क्लेमचं खरं दुखणं पाहुणे नव्हतेच. खरं दुखणं होतं रस्त्याचा वेग.

रस्ता टेकडीवरून वळण घेऊन उतरतो आणि गावात शिरताच सरळ होतो. पाटीवर ताशी तीस मैल लिहिलंय, पण सरळ रस्ता दिसला की माणसाचा पाय जड होतो. रस्त्याच्या एका बाजूला क्लेमचं घर. समोर, बरोब्बर दारासमोर दार, त्याच्या मेहुणीचं, विनीचं घर, आणि तिच्या शेजारी गावचं सभागृह. क्लेमची बायको थेल्मा आणि विनी या सख्ख्या बहिणी चाळीस वर्षं रोज अकरा वाजता एकमेकींकडे चहाला जात आल्या होत्या. अडीच वर्षांपूर्वी विनीची नजर गेली, म्हणजे पार गेली नाही, पण गाडी येतेय की नाही हे तिला कळेना. त्याच हिवाळ्यात थेल्माच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती वॉकरवर आली. वळणावर दिसलेली गाडी दारापर्यंत पोचायला आठ सेकंद घेत असे. थेल्माला रस्ता ओलांडायला एकोणीस लागत. क्लेमने हे अंगणातल्या फरशीवर रस्त्याएवढं अंतर आखून, हातातल्या घड्याळावर मोजलं होतं.

तिला चाकाच्या खुर्चीत बसवून पलीकडे नेणं त्याला जड नव्हतं. एकदा त्याने नेलंही. विनीच्या दारात उतरल्यावर थेल्मा म्हणाली, "पुन्हा असं करू नकोस. मी काय पार्सल आहे? मला जायचं असेल तेव्हा मी जाईन, आणि कंटाळा आला की उठून येईन." तेव्हापासून दोघी बहिणी फोनवर बोलत. समोरासमोरच्या घरांतून फोनवर. क्लेमला ते ऐकवत नसे, तो परसात जाऊन उगाच काहीतरी खणत बसे.

म्हणून त्याने वेग-पहारा सुरू केला. पोलिसांकडून रीतसर शिकून आलेली चार माणसं, पिवळीधमक जाकिटं, हातात वेग मोजायचं यंत्र. जोरात जाणाऱ्या गाडीचा नंबर टिपायचा, पोलीस तिच्या मालकाला समजुतीचं पत्र धाडतात. पण पत्राने रस्ता बदलत नाही. वेगाची हद्द वीसवर आणायची तर काउंटीने स्वतः मोजणी करायला हवी. दोन वर्षं पाठपुरावा केल्यावर मे महिन्यात काउंटीची माणसं आली आणि रस्त्यावर रबराच्या दोन पट्ट्या ठोकून गेली. सात दिवस त्यांवरून जाणारी प्रत्येक गाडी मोजली जाणार होती.

जूनमध्ये उत्तर आलं. पंचायतीचा चिटणीस डग्लस, पूर्वी शाळामास्तर होता, त्याने फोनवर ते वाचून दाखवलं. सरासरी वेग ताशी सव्वीस मैल. वेगाचा प्रश्न आढळत नाही. पुन्हा अर्ज तीन वर्षांनी करता येईल.

"सव्वीस?" क्लेम म्हणाला. "यंत्र बिघडलं असणार."

"यंत्र ठीक आहे," डग्लस म्हणाला. "क्लेम, त्या आठवड्यात तुम्ही चौघं कुठे होतात?"

"रस्त्यावर. सातही दिवस. काउंटीलाही दिसू दे म्हटलं, गाव किती जागं आहे ते."

"पिवळी जाकिटं घालून?"

अर्ध्या मैलावरून दिसतील अशी ती जाकिटं होती, दिसावीत म्हणूनच शिवलेली. दोन वर्षं धडपडून मिळवलेल्या मोजणीच्या सात दिवसांत त्याने स्वतः उभं राहून प्रत्येक गाडीला ब्रेक दाबायला लावला होता. आणि आयव्हसनने त्याच आठवड्यात, काउंटीच्या मालाला धक्का लागू नये म्हणून, ट्रॅक्टर रोज चारदा मुंगीच्या पावलांनी त्या पट्ट्यांवरून नेला होता. इतकी शहाणी, इतकी कर्तव्यदक्ष माणसं एका गावात जमली की यापेक्षा वेगळं काय होणार? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तोही रांगेत उभं राहून.

थेल्माला सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "सातही दिवस!" ती म्हणाली. "आणि बुधवारी तर तू डबा घेऊन गेला होतास." मग हसू ओसरलं. तिने चष्मा पुसला. "तीन वर्षं म्हणजे मी ब्याऐंशीची होईन, नाही का?" एवढंच म्हणाली आणि भांडी आवरायला वळली. तिने दोष दिला असता तर क्लेमला बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी कडक ऊन पडलं. सकाळी दहालाच रस्ता दोन्ही बाजूंनी गाड्यांनी भरला. क्लेम चरफडत यंत्र घेऊन बाहेर पडला. निदान चार-दोन बेफाम पाहुण्यांचे नंबर तरी टिपू, रागाला काहीतरी वाट मिळेल. त्याने यंत्र रोखलं. अकरा मैल. नऊ मैल. चौदा. उभ्या गाड्यांमधून एकाच गाडीपुरती वाट उरली होती. समोरून कुणी आलं की एकाने थांबायचं, दुसऱ्याने हात करायचा, मग पुढे सरकायचं. तासभर तो उभा होता आणि एकही गाडी पंधराच्या वर गेली नाही. अर्ज नाही, काउंटी नाही, जाकीट नाही. ज्यांच्या नावाने तो सहा वर्षं खडे फोडत होता, त्या माणसांनी फक्त गाड्या लावल्या होत्या.

तो यंत्राच्या आकड्याकडे बघत असतानाच फाटक वाजलं. थेल्मा बाहेर आली होती. अंगात निळा कोट, वॉकरच्या टोपलीत रुमालाने झाकलेला केक.

"मी विनीकडे जातेय," ती म्हणाली.

"थांब, मी येतो."

"तू कशाला? तू आपला मोज."

ती दोन गाड्यांच्या मधून रस्त्यात उतरली. येणारी एक लाल गाडी थांबली, तिच्या मागची थांबली. ओल्या केसांची एक मुलगी काच खाली करून म्हणाली, सावकाश जा आजी, आम्हाला कुठे घाई आहे. थेल्माने तिच्याकडे बघून मान हलवली आणि आपल्या चालीने पलीकडे गेली. विनीचं दार उघडलं. दोघी दारातच इतका वेळ बोलत उभ्या राहिल्या की केक गरम झाला असेल. क्लेम यंत्र हातात धरून तसाच उभा होता. त्याला आनंद झाला होता, पण नऊ दिवसांनी, मंगळवारी, पंचायतीपुढे त्याचाच ठराव होता. तो मंजूर झाला की रस्ता मोकळा होणार, आणि थेल्माचा रविवारही जाणार.

त्या नऊ दिवसांत त्याने मनाशी बरंच काही घोळवलं. शेवटी मंगळवारी दुपारी त्याने पंचायतीच्या प्रत्येक सभासदाला फोन केला: आज गाड्या सभागृहाच्या अंगणात आणू नका, रस्त्यावर लावा, एक या बाजूला तर दुसरी त्या बाजूला. का ते संध्याकाळी सांगतो. अंगणात डांबर टाकलंय असं समजून सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं. थेल्माला त्याने काही सांगितलं नाही. सांगितलं आणि कुणी विसरून गाडी आत घातली तर तिची पुन्हा निराशा व्हायची.

बैठक सात वाजता सुरू झाली. बाहेर लख्ख उजेड होता. गुत्त्यात एकमेकांना अरे-तुरे करणारी ही माणसं या टेबलाशी बसली की अहो-जाहोवर येतात, ती तशी आली. अध्यक्षबाई रोझलिंड कॅल्व्हर्ट यांनी मागचं इतिवृत्त मंजूर करून घेतलं. नागरिकांना बोलायला राखून ठेवलेल्या पंधरा मिनिटांत नेहमीप्रमाणे कुणीच नव्हतं. मग सातवा विषय आला, रस्त्याकडेचे धोंडे.

क्लेम उठून उभा राहिला. खरं तर या बैठकीत कुणी उठत नाही.

"अध्यक्षबाई, हा ठराव मी मागे घेतो. आणि त्याआधी एक सांगायचंय. मोजणी माझ्यामुळे वाया गेली. त्या सात दिवसांत मी पिवळं जाकीट घालून पट्ट्यांपाशी उभा होतो. हे इतिवृत्तात लिहा."

डग्लसने मान खाली घालून लिहिलं. त्याला हे पंधरा दिवसांपासून माहीत होतं आणि तो कुणाला बोलला नव्हता, याबद्दल क्लेमला तेव्हा त्याची फार माया वाटली.

मग क्लेमने रविवारचे आकडे वाचून दाखवले आणि नवा ठराव मांडला. धोंडे नकोत, पिवळ्या रेषा नकोत. उलट काउंटीला सांगायचं की रस्त्यावरच, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला, गाड्या लावायच्या जागा आखून द्या. पाहुणे येतील तेव्हा त्यांना तिथे लावू द्या. फाटकांसमोर तेवढी जागा सोडायची. आणि आखणी होईपर्यंत रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सात आपण सभासदांनी आपल्याच गाड्या तशा उभ्या करायच्या. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मग आयव्हसन म्हणाला, "सहा वर्षं तुम्ही या लोकांना शिव्या घातल्यात. मला धोंडे आणायला लावलेत. अकरा धोंडे. आता म्हणताय त्यांना पायघड्या घाला?"

"पायघड्या नाही. जागा."

"आणि माझ्या धोंड्यांचं काय?"

"तुमच्या शेतातून आले, तुमच्या शेतात जातील," अध्यक्षबाई म्हणाल्या.

डग्लसने खाकरून विचारलं की या विषयात श्री. हार्कर यांचा वैयक्तिक हितसंबंध येतो का, तसा येत असेल तर नियमाने जाहीर करावा लागेल. क्लेमने त्याच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही नियम मोडला नव्हता.

"येतो," तो म्हणाला. "माझ्या बायकोला रस्ता ओलांडून बहिणीकडे जायचंय. लिहा."

"रस्ता तर आम्ही सगळेच ओलांडतो," रोझलिंड म्हणाल्या. "हा हितसंबंध धरायचा तर मतदानाला कुणीच उरायचं नाही. पुढे चला."

पण त्या स्वतःही पुढे जाईनात. सहा वर्षांचा राग एका संध्याकाळी गिळायचा म्हणजे सोपं नव्हतं, आणि टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवरून क्लेमला दिसत होतं की निम्मे लोक तरी नाही म्हणणार. आयव्हसन हाताची घडी घालून बसला होता. त्याच्या शेजारचे दोघं त्याच्याकडे बघत होते.

तेवढ्यात दार उघडलं. वॉकर आधी आत आला, मग थेल्मा, आणि तिच्या कोटाची बाही धरून विनी. अडीच वर्षांत थेल्माने या सभागृहात पाऊल टाकलं नव्हतं. क्लेम उभाच होता, आता त्याला बसायचं सुचेना.

डग्लस सवयीने म्हणाला, "नागरिकांची बोलायची वेळ संपलीय, थेल्मा."

"मला कुठे बोलायचंय?" थेल्मा म्हणाली. "मी बसायला आलेय. खिडकीतून पाहिलं तर मंगळवार असून रस्त्यावर गाड्या उभ्या. म्हटलं, चला. मधेच दम लागला तर रस्त्यात थांबले. एक दूधवाला थांबला, त्यालाही घाई नव्हती." तिने विनीला हाताने खुर्ची दाखवून दिली आणि स्वतः शेजारी बसली. "चहा मिळतो ना अजून इथे?"

आयव्हसन उठला आणि कुणी सांगायच्या आत दोन कप भरून त्यांच्यापुढे ठेवून आला. परत खुर्चीत बसता बसता म्हणाला, "फाटकासमोर मात्र कुणी लावली तर मी ट्रॅक्टरने ओढून नेणार. तेही लिहा."

रोझलिंडबाईंनी मत घेतलं. सहा हात वर झाले. त्यात आयव्हसनचा हात कोपरापासूनच वर होता, पण धरला गेला.

डग्लसने इतिवृत्ताचा कागद पुढे ओढला. 'उपस्थित नागरिक: कुणीही नाही' हे वाक्य तो दर बैठकीला घरूनच छापून आणत असे. त्याने पट्टी लावून ते सरळ रेषेत खोडलं, आणि शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात वर लिहिलं: दोन. चालत आल्या.