हाकेपुढची चांदणी

कोशकार दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या तोंडचे शब्द शोधायचे, आणि शेजाऱ्याचं नाव विचारलं तर डोकं खाजवायचे. सध्या ते जर्मन आणि इंग्रजी ज्या जुन्या आईभाषेतून जन्मल्या, तिच्यातल्या 'ह्लाइबाझ' या शब्दाच्या मागे हात धुऊन लागले होते. अर्थ साधाच, पाव. पण हा शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही. इंग्रजीतला 'लोफ', जर्मनमधला 'लाइब' असे लेकभाषांच्या तोंडून मिळालेले तुकडे जुळवून तो बसवायचा आणि पुढे एक चांदणी काढायची. चांदणीचा अर्थ, हा आम्ही जुळवलाय, कुणी ऐकलेला नाही. त्याआधी तो कुठून आला, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही.

बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून कोशकारांनी त्या शब्दात आणखीच डोकं खुपसलं होतं.

एका दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, आई जेवायला कशी हाक मारायची हो? मला अर्धीच आठवतेय. माझ्या पोरीला तशीच मारायचीय."

कोशकारांनी तोंड उघडलं, पण आठवेल तर शपथ! रोज याच घरात घुमलेली हाक. आता ती निसटली तर कायमचीच.

मग त्यांनी आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं. मुलाला फोन लावला. त्याला 'वाढलंय रे' आठवत होतं. लेकीला आठवत होतं ते 'गार होतंय', जरा दमलेल्या आवाजातलं. त्यांनी तुकडे जुळवले, कागदावर लिहिले, पुढे चांदणी काढली आणि स्वारी खुशीत येऊन लेकीला फोनवर ऐकवू लागली, "वाढलंय रेऽऽ, गार होतंय!"

लेकीनं ती हाक दोनदा स्वतःशीच पुटपुटून पाहिली.

"चुकलं का गं?"

"आता आठवलं. या दोन हाका आहेत, बाबा. 'वाढलंय रे' आमची. आम्ही लगेच पळत यायचो. 'गार होतंय' ती तुम्हाला म्हणायची, तुमच्या खोलीच्या दारात उभी राहून."

आणि कोशकारांना सगळं आठवलं. ते "आलो, आलो" म्हणायचे आणि मानसुद्धा वर करायचे नाहीत.

फोन ठेवून त्यांनी चांदणी खोडली. ही तर ऐकलेली होती.

मग दाराकडे बघून "आलो गं" म्हणाले, आणि खरोखरच उठले. स्वयंपाकघरात जाऊन आपल्या खुर्चीवर बसले. टेबल रिकामं होतं.